आयांचा हौद

तळ्याकाठच्या मत्स्यबीज केंद्रात बावीस उघडे हौद होते आणि छपराखाली एक झाकलेला. या सगळ्यांचं पोट भरायचं काम एका बाईकडे होतं. तिचे हात कोपरापर्यंत कायम हिरवट दिसत. साबण, लिंबू, विटेचा तुकडा, सगळं घासून झालं होतं, पण रंग काही हटत नव्हता. म्हणून सगळे तिला हिरवीकाकू म्हणत. नवरा चेष्टेनं म्हणायचा, "लोकांच्या बायकांच्या हाताला गुण असतो, आमच्या हिच्या हाताला शेवाळ आहे."

एकोणिसाव्या वर्षी ती इथं हौद घासायला लागली. तेव्हाचे मिस्त्री म्हातारे आणि तिरसट होते, पण शिकवायला लागले की हातचं राखून ठेवत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला एका हौदापाशी उभं केलं.

"या पाण्यात काय दिसतंय?"

"घाण," ती म्हणाली.

"घाण तुझ्या डोळ्यात आहे. हे ऊन आहे, पोरी. पाण्यात धरून ठेवलेलं ऊन."

मग त्यांनी तिला एकेक हौद दाखवत नेलं. तेरा हौद नुसत्या हिरव्या पाण्याचे. त्यातला हिरवा कण न् कण उन्हावर वाढतो. पुढचे पाच हौद पाणपिसवांचे. मोहरीपेक्षा बारीक, सतत उड्या मारणारे जीव, ते हिरवं पाणी पितात. शेवटचे चार हौद माशांच्या पिल्लांचे, आणि पिल्लं पिसवा खातात. "दहा घमेली हिरवं खाल्लं की एक घमेलं पिसवा होतात," मिस्त्री म्हणाले. "बाकीची नऊ घमेली कुठं गेली? उड्या मारण्यात गेली. जगण्यातच खर्च झाली. आणि दहा घमेली पिसवा खाल्ल्या की एक घमेलं पिल्लं. निसर्गासारखा उधळ्या दुसरा कुणी नाही. म्हणून खालच्या पायरीवर कायम भरपूर पाहिजे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?"

एकतीस वर्षं तिनं हेच केलं. सकाळी हौदात कोपरापर्यंत हात घालायचा. पाण्याखाली नखं दिसली तर हिरवं कमी पडलंय, मनगटच दिसेनासं झालं तर जास्त झालंय. पिसवांचा हौद कापडानं गाळायचा, अर्ध्या तिथंच ठेवायच्या, अर्ध्या पिल्लांना वाढायच्या. मिस्त्री वारले. साहेब आले, साहेब गेले. आता केंद्रावर एक तरुण मॅडम होत्या, शिकलेल्या आणि मायाळू, आणि त्या हिरवीकाकूच्या शब्दाबाहेर सहसा जात नसत.

तिचा नवरा याच तळ्यावर जाळं टाकणारा. तळ्यात सोनपट्टी नावाचा मासा मिळायचा, अंगावर पिवळा पट्टा असलेला, जगात दुसरीकडे कुठं तो आहे असं कुणी ऐकलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तळ्याच्या बांधाचा दरवाजा तुटला आणि चार दिवसांत तळं रिकामं झालं. मासे चिखलात तडफडून मेले. बगळ्यांनी आठवडाभर मेजवानी केली आणि मग तेही उडून गेले. शेवटचं एक डबकं उरलं होतं. हिरवीकाकूचा नवरा त्यात छातीभर चिखलातून शिरला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून तेरा सोनपट्टी घेऊन आला. नऊ माद्या, चार नर. त्या चिखलानं त्याला न्यूमोनिया झाला, आणि तेव्हापासून त्याची छाती कधी धड राहिली नाही. खोकल्याची उबळ आली की तो म्हणायचा, "मासे वाचले, मी अडकलो जाळ्यात."

छपराखालच्या हौदात ते तेरा मासे ठेवले. केंद्रात त्याला आयांचा हौद म्हणत. पुढं तळ्यात पाणी भरलं, पण पाण्यात काही नव्हतं. दोन वर्षं आयांनी अंडी धरली नाहीत. तिसऱ्या वर्षी धरली. वीस हजार पिल्लं निघाली, प्रत्येक हौदात पाचेक हजार. मॅडम त्या दिवशी लहान मुलीसारख्या हौदांभोवती पळत होत्या.

पिल्लं आठ दिवसांची होती तेव्हा डोंगरापलीकडचं जंगल पेटलं.

*

पहिल्या दिवशी आभाळ नुसतं पिवळट दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायला लागलं. लोक तोंडाला फडकी बांधून फिरत होते, आग इकडे येईल का म्हणून एकमेकांना विचारत होते. हिरवीकाकूला आगीची भीती वाटली नाही. ती सावल्या शोधत होती. खांबाची सावली नाही, माणसाची नाही. कशाचीच सावली पडत नव्हती.

पाचव्या दिवशी तिनं हौदात हात घातला तर पाण्याखाली नखं स्पष्ट दिसली.

"मॅडम, हिरवं पातळ होतंय."

"दोन दिवसांत वारा फिरेल म्हणतात, काकू."

वारा फिरला नाही. सातव्या दिवशी विजेच्या तारा जळाल्या आणि रस्ता बंद झाला. मोठ्या माशांचं कोरडं खाद्य त्याच रस्त्यानं यायचं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. जनरेटर होता, पण त्याचं तेल पाण्यात हवा सोडायच्या पंपाला जेमतेम पुरणार होतं. तरी मॅडमनी केंद्रातले सगळे दिवे काढून एका हिरव्या हौदावर टांगले. दोन तास जनरेटर चालवला. दिव्यांनी पाण्याची झोपमोड झाली असेल तेवढीच. उन्हाचं काम त्या दिव्यांच्या बापाच्यानं झालं नसतं.

हिरवे हौद आधी पिवळे पडले, मग राखाडी. मेलेलं हिरवं तळाशी बसून कुजायला लागलं, आणि कुजताना पाण्यातली हवाच खाऊ लागलं. पहाटे ती आली की पिसवा पाण्याच्या वरच्या थराला लालसर साय धरल्यासारख्या जमलेल्या असत. श्वासासाठी वर आलेल्या.

नवव्या दिवशी तिनं चार पिसवा काचेवर घेऊन भिंगाखाली धरल्या. पोट भरलेल्या पिसवेच्या अंगात एक हिरवी रेघ दिसते, ती तिची आतडी. चारही पिसवांच्या पोटात रेघ नव्हती. आरपार दिसत होतं.

"उपाशी आहेत," ती म्हणाली. "आता पिल्लांना यांचा उपयोग नाही. रिकामं पोट खाऊन कुणाचं पोट भरतं?"

मॅडमनी कुठल्यातरी पुस्तकात वाचलं होतं की पिसवांना यीस्ट चालतं. पाव भाजणाऱ्याकडून दोन डबे मिळाले. ते पाण्यात कालवून सोडलं. एक दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाणी आंबलं, वास सुटला, आणि पाचातल्या तीन हौदांतल्या पिसवा दुपारपर्यंत मरून तळाशी बसल्या. यीस्ट नको म्हणायला हवं होतं, असं हिरवीकाकूला वाटत राहिलं. पण ती स्वतःच मॅडमच्या आधी डबा घेऊन हौदावर चढली होती. बुडणारा माणूस काडी कुठल्या झाडाची आहे हे बघत नाही.

घरी वेगळीच घरघर लागली होती. त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला पश्चिमेकडे मोठी खिडकी होती, कधीकाळी तळ्यावरचा वारा यावा म्हणून हौसेनं ठेवलेली. आता तिला ओली चादर लावली होती आणि ती तासाभरात राखेनं करडी व्हायची. नवरा खाटेवर बसूनच असायचा, आडवं झालं की जीव घाबरायचा. ती दर दोन तासांनी हौदांवरून घरी यायची, चादर पिळायची, त्याच्या पाठीमागे उशी सरकवायची आणि परत जायची.

"किती उरली?" तो विचारायचा. स्वतःच्या औषधाबद्दल नाही, पिल्लांबद्दल.

"आहेत. बोलू नकोस तू."

"तू बोल, मग मी बोलत नाही."

मुलगी दूरच्या शहरात होती. फोन लागला की ती रडायची, नाहीतर चिडायची. "आई, बाबांना घेऊन निघ तिथून. कशाची वाट बघतेयस?"

"रस्ता बंद आहे गं."

"उघडला की पहिल्या गाडीनं ये. दोघंही. शपथ घे माझी."

तिनं शपथ घेतली.

*

बाराव्या दिवशी पिल्लांच्या दुसऱ्या हौदात तिला एक पिल्लू वेगळं पोहताना दिसलं. जड, आणि तोंडाशी काहीतरी लांबुडकं. तिनं चाळणीनं ते उचललं. पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्या पिल्लाची शेपटी बाहेर आली होती, आणि ती अजून हलत होती.

सोनपट्टी शिकारी जात. मोठेपणी लहान मासे खाऊनच जगणारी. पण नखाएवढं असताना भावंडांना तोंड लावायचं म्हणजे दुसरं काहीच उरलेलं नसणार. त्या दुपारी ती चारही हौदांवर वाकून बसली आणि बघत राहिली. तिला मिस्त्रींचा हिशोब छळत होता. दहा खाल्ली तर एकाचं अंग भरणार, नऊ वाया. त्या एकाला पुन्हा भूक लागणार, मग आणखी दहा. वीस हजारांचे दोन हजार, दोन हजारांचे दोनशे, आणि ऊन तर अजून नाहीच. शेवटी एक जाडजूड पिल्लू रिकाम्या हौदात फिरत राहील आणि तेही मरेल.

आंबलेलं पाणी फेकायला ती केंद्रामागच्या गाळाच्या खड्ड्याकडे गेली. एकतीस वर्षं हौदांचा गाळ, पाला, मेलेलं हिरवं तिथंच टाकलं जायचं. वास इतका की कुणी फिरकत नसे. तिनं बादली ओतली आणि थांबली. खड्ड्यातलं काळं पाणी हलत होतं.

ती गुडघ्यावर बसली. तोंडावरचं फडकं सुटलं ते तिनं बांधलं नाही. ओंजळीत पाणी घेतलं. त्यात लाल किडे होते, सुतासारखे. डासांच्या अळ्या होत्या. आणि पिसवा होत्या, काळपट, जाड, ठणठणीत. बाहेरची सगळी सृष्टी उपाशी मरत असताना इथं पंगत बसली होती.

"कशावर जगताय रे?" ती मोठ्यानं म्हणाली.

उत्तर तिच्या हातावरच होतं. कुजकं. मागच्या वर्षीचं, त्याच्या मागच्या वर्षीचं, तिनं स्वतः घासून टाकलेलं हिरवं. ते कुजत होतं, कुजक्यावर डोळ्याला न दिसणारे जीव जगत होते, आणि त्यांच्यावर हे. यांना आजच्या उन्हाची गरज नव्हती. वर्षानुवर्षांचं साठलेलं ऊन तळाशी पडून होतं आणि ही मंडळी तेच खात होती.

ती धावत मॅडमकडे गेली. दोघींनी संध्याकाळपर्यंत गाळ गाळला. कापडाच्या तीन घड्या करून, पिळून, धुऊन, शेवटी हातात काय आलं तर एक कपभर जिवंत खाद्य. उद्याही एक कप मिळाला असता, परवाही. ओरबाडून जास्त काढलं असतं तर खड्डाच संपला असता.

"चार हौदांना वाटून देऊ," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येकाला थोडं थोडं."

"थोडं थोडं दिलं की सगळी थोडी थोडी मरतील, मॅडम. एका कपावर एक हौद जगेल. तोही जगला तर."

"मग बाकीचे तीन?"

हिरवीकाकू छपराकडे वळली. छपराखाली आयांच्या हौदात तेरा मासे तळाशी, एकमेकांना चिकटून पडले होते. कोरडं खाद्य संपून चार दिवस झाले होते. माद्यांची डोकी अंगापेक्षा मोठी दिसायला लागली होती. मासा सुकला की असाच दिसतो.

"त्यांना घालू," ती म्हणाली.

मॅडमना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. "काकू, त्यांचीच पिल्लं आहेत ती."

"मला माहीत आहे कुणाची आहेत ती. मीच उचलली अंडी त्यांच्याखालून. पण तीन हौदांतली पिल्लं तशीही आठवड्याभरात संपणार आहेत. एकमेकांना खाऊन संपतील नाहीतर तळाशी बसून कुजतील. आया जगल्या तर पुढल्या वर्षी पुन्हा अंडी देतील. आया गेल्या तर संपलंच."

"मी असा आदेश देऊ शकत नाही."

"देऊ नका. तुम्ही उद्या दहा वाजता आत कागदपत्रं बघत बसा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गल्लीत भोंगा फिरला. रस्ता काही तासांसाठी उघडला होता. आजाऱ्यांना शहरातल्या रुग्णालयात नेणारी गाडी अकरा वाजता निघणार होती. आजाऱ्याबरोबर एक माणूस. पुढची गाडी कधी, कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोन लागला. मुलगी हसत आणि रडत होती. "बस गाडीत, आई. दोघंही बसा. मी तिकडे दवाखान्यातच येते."

हिरवीकाकूनं नवऱ्याचे कपडे पिशवीत भरले. औषधं भरली. मग स्वतःचा एक जोड काढला, त्याची घडी घातली, आणि तो हातात धरून मधल्या दारात उभी राहिली.

नवरा बघत होता. बोलायला त्याला आता तीन-तीन शब्दांवर थांबावं लागत होतं.

"पिल्लांचं काय?"

"एक हौद जगेल. कदाचित. गाळायला दोघी लागतात. मॅडमना एकटीला जमणार नाही, त्यांना खड्ड्याचा अंदाज नाही. जास्त काढतील."

"मग थांब."

"लेकीची शपथ घेतलीय."

"तू माझ्यामागं येऊन... काय करशील? श्वास तर... मलाच घ्यायचाय."

तो हसायला गेला आणि उबळ आली. ती पाठ चोळत राहिली. उबळ बराच वेळ थांबली नाही. थांबली तेव्हा त्याच्या ओठांचा रंग तिनं पाहिला आणि तिला कळलं की याच्याबरोबर जायलाच हवं. पाण्यातला जीव आणि माणसाचा जीव यांत तुलना कसली? तिनं आपला जोड पिशवीत घातला.

त्यानं तो बाहेर काढला. अशक्त हातानं, हळू, आणि खाटेवर ठेवला. "मी चिखलात... उगाच शिरलो होतो का?"

शेजारचे भाऊ आपल्या आईला घेऊन त्याच गाडीनं जाणार होते. "मी बघतो दादांकडे, वहिनी," ते म्हणाले. तिनं नवऱ्याला गाडीत बसवलं. गाडी सुटली तेव्हा तो मागच्या काचेतून बघत होता की डोळे मिटून होता, धुरात तिला नीट दिसलं नाही.

घरी न जाता ती केंद्रात गेली. मॅडम आत कागद घेऊन बसल्या होत्या. हिरवीकाकूनं पहिल्या हौदाच्या मोरीला जाळी लावली आणि बोळा काढला. पाणी उतरत गेलं, पिल्लं जाळीत जमत गेली. ओंजळ ओंजळ करून तिनं ती बादलीत घेतली. बादली छपराखाली नेली. आयांच्या हौदात ओतली.

आधी काही झालं नाही. पिल्लं पांगली. मग एका मादीनं शेपटी हलवली.

तिनं तोंड फिरवलं नाही. तिला वाटलं, आपण करतोय तर बघायला पाहिजे. नऊ आया आणि चार बाप. ते खात होते आणि पाणी घुसळत होतं. दुसरी बादली, तिसरी. दुसऱ्या हौदाच्या वेळी मॅडम बाहेर आल्या, दोन्ही हातांनी बादलीची कडी दुसऱ्या बाजूनं धरली. त्यांचं नाक गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. पंधरा हजार पिल्लं एकदम खाऊन संपत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या हौदातली दोघींनी जाळीत जिवंत ठेवून रोज थोडी थोडी घातली. रोज सकाळी तेच करायचं होतं. एकदा करून सुटका नव्हती.

*

दुसऱ्याच दिवशी फोन बंद पडले. नऊ दिवस तिला नवऱ्याची काही खबर नव्हती.

त्या नऊ दिवसांत ती काय काय करत होती ते तिलाच नंतर नीट सांगता येईना. केंद्रात पडलेल्या औषधांच्या खोक्यांतला बाटल्यांभोवतीचा पेंढा तिनं पाण्यात भिजत घातला. चार दिवसांनी पाणी गढूळ झालं, त्यातही सूक्ष्म जीव झाले, अर्धा कप खाद्य त्यातून वाढलं. घरी जेवायला बसली की घास फिरायचा. खाटेवर तिचा तो घडी घातलेला जोड तसाच पडला होता. तो ती उचलत नव्हती. रस्त्यात कुणी दिसलं की आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, हा काही सांगायला येतोय का म्हणून.

विसाव्या दिवशी उरलेल्या हौदातली पिल्लं पांढरी पडून वर यायला लागली. गाळातून आलेली घाण पाण्यात साठली होती. तिनं आणि मॅडमनी तळ्यातून बादल्यांनी पाणी आणलं, गाळून, हौदात घालून, जुनं काढलं. सकाळपासून दुपारपर्यंत एकशे चाळीस बादल्या. मेलेली पिल्लं ती चाळणीनं काढत होती आणि मोजत नव्हती. एका क्षणी तिनं चाळणी खाली टाकली.

"मी चुकले, मॅडम."

"नाही काकू."

"तुम्हाला काय माहीत? तो गेला असेल तर? मी इथं मेलेली पोरं उपसत बसलेय, तो तिकडे कुणाचं तोंड बघत गेला असेल?"

 मॅडमनी चाळणी उचलली आणि त्या काढायला लागल्या. थोड्या वेळानं हिरवीकाकूनं ती त्यांच्या हातातून घेतली, कारण त्या जिवंतही उचलत होत्या.

चोविसाव्या दिवशी दुपारी वारा फिरला. ती वाकून हौद घासत होती आणि भिंतीवर कुणीतरी हात हलवतंय असं तिला वाटलं. दचकून तिनं मागं पाहिलं. कुणी नव्हतं. तिचीच सावली होती.

ती तिथंच खाली बसली. रडू आलं नाही. तिला फक्त खूप झोप आली.

हौदात सहाशे चौदा पिल्लं उरली होती. आयांच्या हौदातल्या तेरांपैकी बारा.

*

नवरा जगला होता. रुग्णालयात त्याला सतरा दिवस नळीनं हवा दिली आणि मग मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन गेली. हिरवे हौद पुन्हा उभे राहिले तसं हिरवीकाकू तिकडे पोचली, महिन्याभरानं. मुलीनं दार उघडलं, बाजूला झाली, पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात तिच्याकडे पाठ करून विचारलं, "किती वाचली?"

"सहाशे चौदा."

"चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आईला बोलावून घ्या म्हणून. तुझा फोन लागत नव्हता. मी दिवसभर लावत होते." ती वळली. "बाबा शुद्धीत नव्हते तेव्हा तुझ्या नावानं हाका मारत होते. ते तुला सांगणार नाहीत. म्हणून मी सांगतेय."

हिरवीकाकूनं मान खाली घातली. तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं एकही वाक्य त्या स्वयंपाकघरात बोलण्यालायक नव्हतं.

नवऱ्याला पुन्हा तळ्याकाठी राहणं झेपणार नव्हतं. तो मुलीकडेच राहिला. ती दर पंधरवड्याला बसनं जायची. तो विचारायचा, ती सांगायची. पिल्लं बोटाएवढी झाली, तळ्यात सोडली. आयांनी पुन्हा अंडी धरली. तो नुसता ऐकायचा, डोळे मिटून. दीड वर्षानं, एका थंड दुपारी, तो गेला. तेव्हा ती जवळ होती. मुलगीही होती. मुलीनं आईचा हात धरला, पण तो बाबांसाठी धरला की आईसाठी, हे दोघींपैकी कुणी विचारलं नाही.

वय झाल्यावर केंद्रानं तिला निरोप दिला. पुढच्या वर्षी तळ्यावरच्या एकाच्या जाळ्यात पहिली सोनपट्टी आली, हातभर लांब. ती त्यानं थेट हिरवीकाकूच्या दारात आणली. शेजारपाजार जमला. सगळ्यांना वाटलं, काकू आता हसेल. तिनं विळी घेतली, मासा आडवा केला, आणि आधी पोट चिरून आतडी पाण्यात धुतली. आत काय निघतं ते बोटानं चाचपलं. दोन शंख, थोडा चिखल, एक अर्धवट पचलेली अळी. लहान मासा एकही नाही.

तिनं हात धुतले आणि तशीच केंद्राकडे निघाली. मॅडम फाटकातच भेटल्या.

"उपाशी आहेत, मॅडम. तळ्यात खायला काही नाही. वरचे सोडलेत आपण, खालचं नाहीच. उथळ पाण्यात पेंढ्याचे भारे बुडवायला हवेत. पाला टाकायला हवा. शंभर तरी भारे."

"काकू, तुम्ही निवृत्त झालात."

"मी झाले. त्यांची भूक कुठं झालीय निवृत्त?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, श्वास लागत होता, त्या धुरानं तिचीही छाती पुरती सोडली नव्हती. त्या वर्षी पेंढा मिळाला तो सत्तावीस भारे. ते दोघींनी कमरेभर पाण्यात उभं राहून दगड बांधून बुडवले. पुरणार नव्हते, हे दोघींना ठाऊक होतं.